आधी म्हातारे, मग नवरा-नवरी

उद्या जगबुडी होऊन सगळं वऱ्हाड पाण्याखाली गेलं, तरी माझा साडू त्यातून वाचेल याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. फक्त त्याला तासभर आधी कळवायला हवं. होडी, दोरी, वल्ही, कंदील, सगळं त्याच्याकडे दोन-दोन तयार असेल. पण निघण्यापूर्वी तो यादी काढणार, बायकोला ती मोठ्यानं वाचायला लावणार आणि प्रत्येक वस्तूवर हात ठेवून "हाये" म्हणणार. ते उरकेपर्यंत पाण्याला थांबावं लागेल.

साडू हे नातंच मोठं विचित्र आहे. भाऊ नव्हे, मित्र नव्हे. दोन बहिणींनी आपापल्या घरी नेलेली दोन माणसं सणावाराला एका पंगतीत बसतात, एवढंच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईंचा, हा नवरा. अकोल्यात त्याचा फोटो स्टुडिओ आहे आणि मी अमरावतीत शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो आहे. लिहिताना मी त्याला 'तो' म्हणतोय खरा, पण समोर 'तुम्ही'च म्हणतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे. तो मला साडभाऊ म्हणतो आणि ते अशा सुरात, की आपण त्याच्या बॅगेतली एखादी हरवता कामा नये अशी वस्तू आहोत असं वाटावं.

त्या बॅगेबद्दल आधी सांगायला हवं. एकदा आमच्याकडे मुक्कामाला आला असताना मी ती घरच्या काट्यावर ठेवली, तर एकोणीस किलो भरली. दोन कॅमेरे, दोन फ्लॅश, नेलपॉलिशनं आकडे टाकलेल्या सहा बॅटऱ्या, आणि पानाच्या दोन जुन्या डब्यांत मेमरी कार्डं. एका डबीवर 'भरेल', म्हणजे भरलेली, दुसरीवर 'रिकामे'. भिंगावरची धूळ उडवायची रबरी फुंकणी, चष्म्याच्या दुकानातून आणलेली मऊ फडकी, बुटांच्या खोक्यांत निघतात त्या दमट शोषणाऱ्या पुड्या. त्या जमवायला तो ओळखीच्या चप्पलवाल्याकडे महिन्यातून एकदा जातो. लांब वायरचा बोर्ड, कारण मंगल कार्यालयात जिथे प्लग असतो तिथे लग्न नसतं. एवढं कोणताही फोटोग्राफर बाळगेल. पण त्याखालच्या कप्प्यात सुई-दोरा, सेफ्टी पिना, टिकल्यांचं पाकीट, पावडरचा डबा, दोन कंगवे, दोन पांढऱ्या टोप्या, एक मध्यम मापाचा काळा कोट, ग्लुकोजची बिस्किटं आणि जुलाब थांबवायच्या गोळ्या. गोळ्या कशाला, असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, "साडभाऊ, मुहूर्ताच्या टायमाले नवरदेव संडासात गेला तं फोटो कोनाचा काढू? भटजीचा?"

कोणतीही वस्तू एक असली तर ती त्याच्या हिशेबी नसल्यासारखीच. "एकाले काय भरोसा," हे त्याचं पेटंट वाक्य. एसटीत तो बॅगेला मांडीवर घेत नाही, वर टाकत नाही. तिला खिडकीजवळ बसवतो आणि तिचं अर्धं तिकीट मागतो. मूर्तिजापूरच्या गाडीत एका कंडक्टरनं विचारलं, वय काय हिचं? तर यानं गंभीरपणे सांगितलं, "अकरा. बाराची झाली की पूरं काढीन." कंडक्टर हसला नाही, यानंही हसू दिलं नाही, आणि मूर्तिजापूर येईपर्यंत ते तिघे शांतपणे बसून होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी, मुहूर्ताच्या नेमक्या वेळेला तो कार्यालयात जाऊन उभा राहतो. ऊन कुठून येतं, मांडवाच्या कापडाचा रंग चेहऱ्यावर कसा पडतो, पंख्याच्या पात्याची सावली कुठे फिरते, हे सगळं पाहून ठेवतो. नांदगाव खंडेश्वरला असाच गेला असता तिथे दुसऱ्याच कुणाचं लग्न लागत होतं. याच्या हातात कॅमेरा पाहून वधूपक्षाला वाटलं वरपक्षाचा, वरपक्षाला वाटलं वधूपक्षाचा. दोघांनी आग्रहानं जेवू घातलं. यानंही उगाच कुणाचं मन मोडायला नको म्हणून नवरा-नवरीचे चार फोटो काढले आणि पुढे महिनाभर खटपट करून पत्ता शोधून ते त्यांना पोचते केले. आणि एखाद्या दिवशी कार्यालय मोकळं असलं तर तिथल्या चौकीदाराला मुंडावळ्या बांधून स्टेजवर बसवतो. अमरावती-अकोला रस्त्यावरच्या एका कार्यालयाचा चौकीदार असा सतरा-अठरा वेळा बोहल्यावर चढलेला आहे. बिचारा अजून बिनलग्नाचा आहे.

एवढ्यावरून माणूस गमतीचा वाटेल. आहेही. पण या तयारीच्या वेडाची सुरुवात माझ्या लग्नात झाली आणि तिच्यात गमतीचं काही नव्हतं.

अठ्ठावीस वर्षं झाली. माझी सासुरवाडी अंजनगाव सुर्जीची, सासऱ्यांचा पानमळा होता. साडू तेव्हा अकोल्यात तेलाच्या मिलमध्ये नोकरीला होता आणि त्यानं नुकताच एक रोलचा कॅमेरा घेतला होता. थोरल्या जावयाच्या घरात नवा कॅमेरा असताना बाहेरचा फोटोग्राफर कशाला, असं त्यानंच सासऱ्यांना सांगितलं. सासरे भिडस्त, त्यांनी ठरवलेला माणूस रद्द केला. लग्नाच्या दिवशी यानं हळदीपासून पाठवणीपर्यंत धावपळ करून फोटो काढले. रोल छत्तीसचा. छत्तीस झाले, चाळीस झाले, तरी रोल संपेना. याला वाटलं कंपनीनं चुकून जास्तीची फिल्म भरली असावी. तो हे सगळ्यांना आनंदानं सांगत फिरत होता, आणि जास्तीचे निघतायत म्हटल्यावर सासऱ्यांनाही म्हणाला, "मामाजी, तुमचा एकट्याचा काढतो, बसा खुर्चीवर." सासरे बसले. कोट घालून, नवी टोपी नीट करून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले. तो फोटो काढताना मी पाहिला आहे.

रोलची जीभ आतल्या चक्रीत अडकलीच नव्हती. फिल्म डबीतून बाहेरच आली नव्हती आणि हा दिवसभर रिकामा खटका दाबत होता. अकोल्याला गेल्यावर स्टुडिओवाल्यानं कोरीकरकरीत पट्टी त्याच्या हातात दिली. ती घेऊन तो दोन आठवडे गप्प बसला. मग सांगायला म्हणून अंजनगावला निघाला, आणि त्याच दिवशी सकाळी सासरे पानमळ्यात छाती धरून खाली बसले ते उठले नाहीत. साडू पोचला तो अंत्ययात्रेला पोचला. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा म्हणून लोक त्याच्याकडे वळले. तेव्हा त्यानं सांगितलं. सासऱ्यांचा दुसरा फोटो असा घरात नव्हता; सोसायटीच्या एका समारंभाचा होता, त्यात ते पाठमोरे होते.

चूक झालेला माणूस सहसा त्या वाटेला पुन्हा जात नाही. हा त्या वाटेवर राहायलाच गेला. पण त्याआधी त्यानं आणखी एक चूक केली. सासऱ्यांचे धाकटे भाऊ, माझ्या बायकोचे काका, चेहऱ्यानं त्यांच्यासारखेच होते. यानं काय करावं? काकांना सासऱ्यांचा कोट आणि टोपी घातली, हात गुडघ्यांवर ठेवायला लावले, चांगल्या स्टुडिओत फोटो काढवून घेतला आणि सासऱ्यांच्या गालावर तीळ होता तो कारागिराकडून ब्रशनं रंगवून घेतला. फ्रेम करून तेराव्याला पाटावर ठेवला. पाहुण्यांनी नमस्कार केले, बायकांनी डोळ्यांना पदर लावले. माझ्या बायकोला तेव्हा माझ्या घरी येऊन महिनाही झाला नव्हता. ती फोटोसमोर बसली, बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "हे काका आहेत."

काका तिथेच भिंतीला टेकून बसले होते, ते उठून बाहेर गेले.

फोटो मात्र भिंतीवर लागला, कारण भिंत रिकामी ठेवणं कुणालाच जमेना. पुढे वीस-बावीस वर्षं काका त्याच फोटोखाली खाटेवर बसून चहा पीत. पितरांच्या दिवशी घरातला कर्ता पुरुष म्हणून हारही तेच घालत. "माह्या फोटोले मीच हार घालून राहिलो," असं ते मला एकदा म्हणाले होते. "जिवंतपनी सोय झाली, बावा. मेल्यावर कोनी घालन का नाई, कोन जाने." ते गेल्यावर त्यांचा स्वतःचा फोटो शेजारी लागला. आता एका भिंतीवर एकाच माणसाचे दोन फोटो आहेत, एक तिळासकट आणि एक तिळावाचून, आणि घरातल्या नव्या सुना पाहुण्यांना सांगतात की दोघे भाऊ दिसायला किती सारखे होते.

साडूनं मिलची नोकरी सोडली. जुन्या शहरातल्या एका स्टुडिओत वर्षभर राबला, काम शिकला आणि स्वतःचं दुकान टाकलं. तेव्हापासून त्याचा नेम आहे, की लग्न कुणाचंही असो, आधी म्हातारे, मग नवरा-नवरी. कार्यालयात गेल्या गेल्या तो एका कोपऱ्यात करड्या रंगाची चादर भिंतीला ठोकतो, समोर एक खुर्ची ठेवतो आणि साठीच्या पुढच्या प्रत्येक पाहुण्याला एकेक करून बसवतो. केस विंचरून देतो, टोपी देतो, कवळी खिशात असेल तर घालायला लावतो. दोन फोटो. मग नाव, गाव, कुणाचे कोण, हे लिहून घेतो. त्या फोटोंचं कुणी त्याला सांगितलेलं नसतं आणि तो ते अल्बममध्येही लावत नाही. प्रत छापून पाकिटात घालतो आणि दुकानातल्या लोखंडी कपाटात गावनिहाय ठेवतो. घरचं माणूस गेलं की लोक दुकानात येतात आणि हा पाकीट काढून देतो.

हे सगळं वऱ्हाडात आता इतकं माहीत झालंय, की तो लग्नाच्या दारातून आत आला की म्हाताऱ्यांत चुळबुळ सुरू होते. काही जण देवाला चुकवावं तसे त्याला चुकवतात. एक आजी स्वयंपाकघरात भांड्यांच्या मागे जाऊन बसल्या होत्या. "मले नाई जायचं अजून," असं त्या आतून सांगत होत्या. त्यावर हा दाराशी उभा राहून म्हणाला, "आजी, नका जाऊ ना. फोटो तं काढा. शंभर वर्सं ठेवतो मी कपाटात." उलट काही जण मुद्दाम नवं धोतर नेसून रांगेत उभे राहतात. परतवाड्याचे एक कापडवाले चाचा होते, ते दर ईदनंतर अकोल्याला येऊन नवा फोटो काढवून घेत. "पिछला वाला रहने दो, उसमें बीमार लगता हूँ. हमारे यहाँ दीवार पे टाँगते नहीं, मगर बच्चे देखें तो अच्छा चेहरा देखें." अकरा वर्षं ते आले. बाराव्या वर्षी त्यांचा मुलगा आला, आणि साडूनं त्याच्यापुढे अकराच्या अकरा पाकिटं ठेवली. मुलगा दुपारभर दुकानात बसून होता.

साथीच्या त्या दोन वर्षांत कपाट निम्मं रिकामं झालं. तेव्हा माणसं दवाखान्यात जात आणि परत येत नसत, तोंडदेखील पाहायला मिळत नसे. साडूचा फोन सारखा वाजे. तो मास्क लावून, पाकिटं घेऊन स्कूटरवरून गावभर फिरला. दाराच्या कडीला पाकीट अडकवायचं, बेल वाजवायची आणि मागे सरून उभं राहायचं. आतून कुणी येऊन ते घेऊन गेलं की निघायचं. मी फोनवर म्हटलं, तुम्हीही साठी ओलांडलीय, जरा जपा. तर म्हणाला, "साडभाऊ, त्यायनं माह्यावर भरोसा ठेवून फोटो काढू देल्ला होता." त्या दोन वर्षांत त्यानं एकही विनोद केल्याचं मला आठवत नाही.

त्या कपाटात आमच्या दोन्ही घरांतल्या सगळ्या थोरांची पाकिटं आहेत. माझंही आहे. नव्हतं ते फक्त माझ्या बायकोचं. काकांचा तो फोटो पाहिला त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोललेली नव्हती. भांडली नाही, अपमान केला नाही. आला की गरम पोळी वाढायची, गेला की दारापर्यंत जायची. पण बोलायचं ते दुसऱ्याकरवी. तो समोर बसलेला असताना ती म्हणायची, "ताई, भाऊजींना सांग, चहा निवतोय." ताई सांगायच्या, "अहो, चहा." तो म्हणायचा, "घेतो म्हना." अशी त्यांची सत्तावीस वर्षं गेली. त्यानं कॅमेरा उचलला की ती उठून आत जायची. लोखंडी कपाटातल्या अंजनगावच्या कप्प्यात त्यानं तिच्या नावाचं रिकामं पाकीट करून ठेवलेलं मी पाहिलं आहे. त्याला जन्मात आता एकच फोटो काढायचा राहिला आहे, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून गेल्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि त्याचा फोन आला, तेव्हा तो काय मागणार हे मला ठाऊक होतं. मुलगी म्हणाली, "मावसाजीच काढतील, दुसरं कोणी नको." बायको भाजी निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "काढू दे. पण दुसराही ठरवा." मी हे जड मनानं साडूला सांगितलं. वाटलं, दुखावेल. तर तो खूश झाला. माझ्या बायकोला तो लहानी म्हणतो. "लहानीनं बरोबर केलं. दोन पाह्यजेच. एकाले काय भरोसा."

तो दोन दिवस आधी ताईंना घेऊन अमरावतीला आला. कार्यालयाची पाहणी या खेपेस जरा जास्तच लांबली. दारापासून स्टेजपर्यंतची पावलं त्यानं मोजली, भिंतीवरून हात फिरवत सगळं कार्यालय फिरला, चादर कुठे ठोकायची ते ठरवलं आणि सुतळीला गाठी मारून तिपाईपासून खुर्चीपर्यंतचं अंतर मापून ठेवलं. आम्ही हसलो. मुलगी म्हणाली, मावसाजी आता सुतळ्याही दोन आणा. त्यानं खिशातून दुसरी काढून दाखवली. लग्नाच्या दिवशी आमचा दुसरा फोटोग्राफर आला तो ड्रोन घेऊन. साडूनं त्याला एवढंच विचारलं, की हे वरतून पडलं तं दुसरं हाये का? नाही म्हटल्यावर त्यानं त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला.

कोपऱ्यात चादर लागली, खुर्ची मांडली गेली, म्हातारे रांगेला लागले. ताई खुर्चीशी उभ्या. प्रत्येक माणूस बसलं की त्या म्हणायच्या, "बसले." की हा खटका दाबायचा. वरपक्ष परतवाड्याचा, त्यांच्यातल्याही सगळ्यांचे फोटो झाले. शेवटी विहीणबाई बसल्या. एका थोरल्या आजींनी उठताना आधाराला खुर्ची धरून ती चांगली हातभर बाजूला ओढली होती आणि ताईंनी ती पुन्हा जागेवर आणून ठेवली, हे मी पाहिलं. विहीणबाईंनी मात्र उठताना ती तशीच पुन्हा ओढली, आणि नेमक्या त्याच वेळेला ताईंना आतून कुणीतरी हाक मारली. विहीणबाईंनी बायकोचा हात धरला. "आता तुमी बसा, विहीणबाई. एकीचा काढायचा आन् एकीचा नाई, असं नसते." व्याह्यांसमोर नाही म्हणणं शक्य नव्हतं. बायको बसली. चेहरा तिनं असा केला होता, की हा फोटो भिंतीवर लागला तर घरात कुणी मोठ्यानं बोलणार नाही.

विहीणबाई निघून गेल्या. तिथे आम्ही तिघेच उरलो. साडूला पावलांवरून, आवाजावरून कळलं असावं कोण बसलंय ते. तो कॅमेऱ्याच्या मागे गेला, डोळा लावला आणि अतिशय हळू म्हणाला, "पदर जरासाक सावरा. हां. आता मान थोडी वर."

कॅमेरा तिच्याकडे नव्हता. तिच्या डाव्या हाताला, जिथे खुर्ची असायला हवी होती तिथे, नुसत्या चादरीकडे होता. तो त्या रिकाम्या चादरीला पदर सावरायला सांगत होता, मान वर करायला सांगत होता. चेहऱ्यावर घाम होता.

ती पावलांची मोजणी, त्या सुतळीच्या गाठी, ताईंचं "बसले", सगळं मला एका क्षणात समजलं. काचबिंदू होता, ते नंतर ताईंनी सांगितलं. उजवा डोळा दोन वर्षांपूर्वीच गेला होता आणि डाव्यात धूसर उजेडापलीकडे काही उरलं नव्हतं. ताईंशिवाय कुणाला त्यानं कळू दिलं नव्हतं. मी सांगायला तोंड उघडलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि मानेनं नको म्हणाली.

मग ती खुर्चीवरून जराशी उठली. दोन्ही हातांनी खुर्ची खालून धरली, आवाज होऊ न देता ती उचलून हातभर डावीकडे ठेवली आणि पुन्हा बसली. पदर नीट केला. मान थोडी वर केली.

"अशी?" तिनं विचारलं.

तो कॅमेऱ्यामागून एकदम बाजूला झाला. इतकी वर्षं जो आवाज त्याला फक्त ताईंच्या आडून ऐकू यायचा, तो थेट त्याच्याशी बोलला होता. त्यानं गमछानं डोळे पुसले, चष्मा पुसला, उगाच फुंकणीनं भिंगावर वारा मारला. मग म्हणाला, "हां. अशीच राह्य. हालू नको."

त्यानं दोन फोटो काढले. ती उठली तेव्हा मला वाटलं, आता आत निघून जाईल. गेली नाही. अजून माझे दोन चुलते आणि शेजारचे एक आजोबा यायचे राहिले होते. त्यांना तिनं स्वतः हाताला धरून आणलं, खुर्ची जागेवर ठेवली, बसवलं आणि म्हणाली, "बसले, भाऊजी." मुहूर्त जवळ आला, भटजी हाका मारायला लागले, मुलीची आई कुठे म्हणून शोधाशोध झाली. ती तिथेच उभी होती. शेवटच्या आजोबांचा फोटो झाल्यावरच अंतरपाटाशी गेली.

त्यानंतर त्यानं काम घेतलं नाही. सहा महिन्यांत डाव्या डोळ्यातला उजेडही गेला. दुकान उघडं असतं. ताई पाकिटं काढून देतात आणि तो बॅग शेजारी घेऊन बसून असतो. बॅटऱ्या अजून चार्ज केलेल्या असतात.

परवा आम्ही लग्नाचा अल्बम घेऊन अकोल्याला गेलो होतो. तो म्हणाला, सांगा कसे आले ते. मी सुरुवात केली, पण मला फोटो सांगता येत नाहीत. नवरा उभा आहे, नवरी उभी आहे, यापुढे माझी गाडी जाईना. बायकोनं अल्बम माझ्याकडून घेतला आणि त्याच्याजवळ खाली बसली. एकेक पान सांगू लागली. मुलीचा शालू कोणत्या उजेडात कसा दिसतोय, भटजींचं तोंड उघडं राहिलंय, मागे कुणाचं पोर रडतंय. तो मध्येच विचारी, "डोस्कं कापलं का?" ती म्हणे, "नाही." पुष्कळ ठिकाणी कापलेलं होतं. माझी बायको खोटं बोलणारी बाई नाही. तेराव्याच्या भरल्या घरात खरं बोललेली आहे. पण त्या दुपारी ती एकामागून एक खोटं बोलत होती, अगदी सरळ आवाजात.

मग तिचा स्वतःचा फोटो आला; खुर्चीवरच्या फोटोंपैकी तेवढाच एक मुलीनं अल्बममध्ये लावून घेतला होता. त्यानं न सांगताच ओळखलं असावं, कारण ती थांबली होती.

"तुहा कसा आला, लहाने?"

"चांगला आलाय, भाऊजी. हसलेय थोडी."

तिच्या खांद्यावरून मी फोटो पाहिला. ती हसलेली नाही. कॅमेऱ्याकडेही पाहत नाही. कॅमेऱ्याच्या जरा वर, तो उभा होता तिकडे पाहते आहे, आणि डोळे भरलेले आहेत.

मग हात पुढे करून त्यानं चाचपडत अल्बमचं पान शोधलं, त्या फोटोवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "खोटं बोलता येत नाई तुले. सांग पुढचा."

तिनं पान उलटलं.